पुकारलेला राजा

पत्त्यांच्या इतिहासात राजा, राणी आणि गुलाम यांची पुष्कळ चौकशी झाली आहे. भिडूकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. मेंढीकोट असो की ब्रिज, भिडू समोर बसतो आणि डाव संपेपर्यंत आपलाच राहतो, हे आपण गृहीत धरून चालतो. भिडू कोण हे पाने वाटल्यावर ठरायचे आणि तेही गुपचूप, असा एक खेळ अठराव्या शतकात युरोपच्या दिवाणखान्यांतून मोठ्या मानाने खेळला जात होता. त्याचे नाव क्वाड्रिल. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी बेळगावात तो जुन्या नियमांबरहुकूम खेळून पाहिला. त्यातून जे हाती लागले त्याचा एक धागा आंबोली घाट उतरून थेट सावंतवाडीला पोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी वंशावळ. इतर सर्व पानांना मारणाऱ्या खास पानांची, म्हणजे हुकमाची कल्पना इटलीत १४४० च्या सुमारास टॅरोच्या पत्त्यांबरोबर दिसू लागते. बोली लावून डाव अंगावर घेण्याची रीत मात्र सतराव्या शतकात रुजली, ती स्पेनच्या 'ओंब्र' या खेळामुळे. स्पॅनिशमध्ये 'ओंब्रे' म्हणजे माणूस. तिघांपैकी जो बोली जिंकेल तो हा 'माणूस', आणि तो एकटा उरलेल्या दोघांशी झुंजे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने १७१४ साली 'द रेप ऑफ द लॉक' वाढवून प्रसिद्ध केले, त्यात ओंब्रचा एक अख्खा डाव लढाईच्या थाटात रंगवला आहे. पुढे फ्रान्समध्ये चौथा खेळाडू आला आणि ओंब्रचे क्वाड्रिल झाले.

या चौथ्या माणसाने मोठी गंमत केली. बोली जिंकणारा हुकूम सांगतो आणि आपल्याजवळ नसलेला दुसऱ्या रंगाचा एक राजा पुकारतो. तो राजा ज्याच्या हातात असेल तो त्याचा भिडू. पण भिडूने ओठ उघडायचे नाहीत. राजा पटावर पडेल तेव्हाच नाते उघड व्हायचे. दहा हातांपैकी सहा या जोडीने करायचे असतात. तोवर बोली लावणाऱ्यालाही आपले माणूस कोणते हे ठाऊक नसते. सगळे जाणणारा एकच, ज्याच्या मुठीत राजा आहे तो.

आमच्या चौकडीत सत्तरी ओलांडलेले, मूळ वाडीचे एक काका होते. बावन्न पानांतून अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढल्या, चाळीस पाने उरली. प्रत्येकाला दहा. मग नियम वाचायला घेतले. काळ्या रंगांत सत्ती ही दुर्रीपेक्षा मोठी, पण लाल रंगांत उलटे: एक्का दुर्रीच्या वर आणि सत्ती सर्वांत खाली. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी कपाळाला हात लावला. काका मात्र हसले. "ह्यां काय नवां नाय," ते म्हणाले. "आमच्या गंजिफेत असांच आसा."

आणि ते खरेच आहे. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ. पण त्यांच्याखाली निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, म्हणजे हा खेळ आपल्याकडे निदान तेवढा जुना. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली टॅरोवर मोठा ग्रंथ लिहिला. जुन्या पत्त्यांच्या खेळांची नाती जुळवताना अभ्यासक पानांवरच्या चित्रांइतकेच खेळाच्या नियमांना महत्त्व देतात. चित्रे चितारी बदलतो. पण उलट्या क्रमासारखी अडचणीची चाल दूरदूरच्या मुलखांत सापडली, तर मागे एखादा समान पूर्वज असावा असे मानायला जागा उरते.

भिडूची गोष्ट वेगळी. गंजिफेत तिघे बसतात आणि प्रत्येक जण आपापला. तिथे कसोटी स्मरणशक्तीची. त्यामुळे काकांना उलटा क्रम सोपा गेला, पण राजा पुकारल्यावर ते गप्प झाले. त्यांनी बदामाचा राजा मागितला होता. चार हात झाले तरी कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. पाचव्या हाताला गुरुजींनी राजा टाकून राणी मारली, तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमचे!" डाव त्यांनी सहा हातांनी जिंकला.

इंग्लंडमध्ये क्वाड्रिलला मागे सारले ते व्हिस्टने. एडमंड हॉइलने १७४२ साली व्हिस्टवर पुस्तिका काढली. समोरासमोर बसलेल्या पक्क्या भिडूंचा हिशेबी खेळ लोकांना पटला. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये क्वाड्रिलच्या टेबलाशी बसते ती करारी, वयस्क लेडी कॅथरिन. खेळ थोरामोठ्यांचा उरला होता. तरी पुकारलेला भिडू मेला नाही. ऑस्ट्रियात टॅरोच्या पत्त्यांवर अजून राजा पुकारतात, बव्हेरियात एक्का पुकारतात, आणि आपल्या देशात 'काली तीरी' खेळणारी पोरेही पान मागूनच भिडू मिळवतात.

मला चिंता आहे ती वाडीच्या गंजिफेची. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून पाने वाचली. ती भेट म्हणून दिली जातात, काचेआड मांडली जातात. पण क्वाड्रिल आम्ही खेळू शकलो, कारण कुणीतरी नियम लिहून ठेवले होते. पाने पाहून ते कळले नसते. गंजिफेच्या घरगुती चाली, दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने उतारी करण्यासारख्या, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी वा आजोबा असतील, त्यांनी या दिवाळीत फराळानंतर वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. शक्य झाल्यास एक डावही मांडावा.