मेकअपचं कार्ड

मागच्या वेळी आपण स्टुडिओंबद्दल बोललो, आज संघटनांबद्दल बोलू. १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये टिची विल्कर्सन कॅसेल यांनी ‘विमेन इन फिल्म’ सुरू केली. ओळखीनं काम मिळणाऱ्या या धंद्यात बायकांच्याही ओळखी वाढाव्यात, हा साधा हेतू. १९९७ मध्ये देशोदेशीच्या अशा संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं.

आणि आपल्या मुंबईत? इथल्या मेकअप आणि केशरचना कलाकारांच्या संघटनेत बाईला हेअर ड्रेसरचं कार्ड मिळे, मेकअपचं मात्र फक्त पुरुषाला. कार्ड नाही म्हणजे सेटवर उजळ माथ्यानं काम नाही. कारण काय, तर पुरुषांची रोजी बुडेल! चारू खुराना आणि इतर जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयानं हा नियम रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही गेली.

म्हणजे पाहा, ओळखीपाळखीचं जाळं धीर देतं, कामाची बातमी देतं. पण अडसर लेखी नियमाचा असेल, तर लढाईही त्या नियमाशीच करावी लागते. २०१७ साली केरळमधल्या बायकांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ उभारून दोन्ही कामं एकत्र हाती घेतली. पुढच्या व्याख्यानात आपण तिकडे वळू.