मौनसभेतला शिंपी

दौतीत शाई आहे, पिसाची लेखणी तासून ठेवलेली आहे आणि गिऱ्हाईक खोळंबलं आहे. साल १७४२ च्या आसपासचं. तुम्ही न्यू जर्सीतल्या माउंट हॉली नावाच्या गावात, एका दुकानात गल्ल्याशेजारी उभे आहात. अमेरिका नावाचा देश अजून जन्माला यायचा आहे; इथे हुकूम चालतो इंग्लंडच्या राजाचा. मालकाचं दुकान आहे, पावभट्टीही आहे. हिशेब लिहायला त्याने वर्षाच्या कराराने एक तरुण ठेवला आहे. नुकतीच विशी ओलांडलेला. नाव जॉन वूलमन.

मालकाने आपल्याकडची एक काळी गुलाम बाई विकली आहे. तो कारकुनाला तिचं खरेदीखत करायला सांगतो. आवाज नेहमीचा, दोन पोती मोजायला सांगावं तसा.

कारकुनाच्या खांद्यावरून कागदाकडे पाहा. लेखणी शाईत बुडते आणि टेकायच्या आधी अडते. खरेदीखताची भाषा ठरलेली असते: कोणी, कोणाला, काय, किती किमतीला, कायमचं. जमीन असो, घोडा असो, साचा तोच. आज ‘काय’ या जागी एक बाई आहे. घेणारा म्हातारा सभ्य गृहस्थ आहे, वूलमनच्याच पंथातला. मालक पगार देतो. वूलमन लिहितो. पण त्याच वेळी दोघांच्या तोंडावर सांगतो की माणसाला गुलाम करून ठेवणं ख्रिस्ती धर्माला धरून आहे असं मला वाटत नाही. एवढं बोलूनही त्याचं मन हलकं होत नाही. त्या बाईचं नाव त्याच्या रोजनिशीत नाही; कागद लिहिताना झालेली तगमग मात्र त्याने नोंदवून ठेवली आहे. पुढे एका तरुणाने असाच कागद करून मागितला तेव्हा त्याने सरळ नाही म्हटलं.

मधल्या काळात काय घडलं ते कळायला हवं असेल तर त्याच्याबरोबर प्रार्थनेला चला. हे क्वेकर लोक, स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवणारे. त्यांच्या प्रार्थनाघरात वेदी नाही, क्रूस नाही, भजन नाही, पगारी पाद्री नाही. नुसती बाकं. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या तशाच, कारण टोपी उतरवायची ती फक्त देवाशी बोलताना. माणूस कितीही मोठा असो, त्याच्यापुढे नाही. न्यायाधीशालाही ते ‘तू’च म्हणतात. सगळे बसतात आणि गप्प होतात. तासभर, कधी त्याहून जास्त. प्रत्येक माणसात देवाचा उजेड आहे, तो शांत राहिल्याशिवाय दिसत नाही, ही त्यांची श्रद्धा. कुणाला आतून अगदी राहवलंच नाही तर तो उठतो, चार शब्द बोलतो आणि बसतो. वूलमनने तरुणपणी एकदा गरजेपेक्षा जास्त बोलल्याची रुखरुख कित्येक आठवडे काढली आणि तोवर सभेत तोंडच उघडलं नाही.

पहिली काही मिनिटं तुम्हाला जड जातील. बाक टणक आहे. मन घरी, बाजारात, उधारीत फिरून येतं. मग ते फिरणं मंदावतं आणि टाळत आलेली गोष्ट समोर येऊन बसते. मौनाकडे आपण विसावा म्हणून पाहतो. वूलमनसाठी ते विसाव्याचं ठिकाण नव्हतं. तिथे बसलं की विसरायच्या गोष्टी विसरता येत नसत.

आता १७५८ च्या सप्टेंबरात या. गाव फिलाडेल्फिया. डेलावेअर नदीच्या धक्क्यावरून हाय स्ट्रीटने वर चाला. पहिल्याच कोपऱ्यावर लंडन कॉफी हाउस. व्यापारी, जहाजांचे कप्तान आणि विम्याचे दलाल यांचा हा अड्डा. इथेच बाहेर माणसांचा लिलाव होतो. पाहायला थांबा, कारण पुढचं सगळं यावरून आहे. एक फळी मांडलेली असते, तीवर उभं केलेल्या माणसाचे दात आणि दंड तपासले जातात. बोली लागते. आता एकच चौक पुढे जा. दुसऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर विटांची मोठी इमारत आहे, ते क्वेकरांचं मोठं प्रार्थनाघर. आत त्यांची वार्षिक सभा भरली आहे. बायकांची सभा वेगळी भरते. तुम्ही पुरुषांच्या सभेत, मागच्या बाकावर जागा धरा.

सभेतले पुष्कळ लोक सुखवस्तू आहेत. कुणाची जहाजं, कुणाच्या पेढ्या, कुणाची शेती. बऱ्याच जणांच्या घरी गुलाम आहेत. विषय तोच निघाला आहे. उघडपणे गुलामगिरीची बाजू कुणीच घेत नाही, हे नीट ऐका. कुणी म्हणतं, घाई नको, बंधू दुखावतील. कुणी म्हणतं, धीर धरू, प्रभू आपल्या वेळेने या लोकांच्या सुटकेची वाट काढील. ही वाक्यं भक्तीची आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणं अवघड.

वूलमन कितीतरी वेळ मान खाली घालून बसला आहे. आता तो ३७ वर्षांचा आहे. दुकान चांगलं चालत होतं, ते त्याने दोन वर्षांपूर्वी आवरलं. धंदा वाढला की मनाला निवांतपणा उरत नाही आणि गरीब गिऱ्हाईक न झेपणारी उधारी करून बसतं, एवढं कारण त्याला पुरलं. आता तो कपडे शिवतो आणि सफरचंदाची रोपं सांभाळतो. सभा चालू असताना त्याच्या डोळ्यांना धार लागली आहे.

मग तो उठतो. आवाज चढलेला नाही. तो काय म्हणाला ते रोजनिशीत आहे. सार असं, की या खंडातल्या गुलामांचा आक्रोश देवाच्या कानी गेलेला आहे. त्याचा न्याय पक्षपाती नाही. आपल्याला काय करायचं ते कळलं आहे, आणि तरी काही जणांचा फायदा सांभाळायला, काही मैत्र्या टिकवायला आपण एखाद्या चमत्काराची वाट पाहत बसलो, तर उत्तर भयंकर गोष्टींतून येईल.

तो बसतो. सभागृह गप्प.

या शांततेत तुम्ही आहात हे तुमचं भाग्य समजा. क्वेकर सभेत मतदान नसतं. हात वर होत नाहीत, बहुमताने कुणाला हरवलं जात नाही. चिटणीस सभेचा कल कुठे आहे ते ऐकत राहतो आणि सगळे एका ठिकाणी येईपर्यंत थांबतो. एकेक जण उठून त्याच बाजूने बोलू लागतो. ठरतं असं: जो यापुढे माणसं विकत घेईल वा विकील, त्याला पंथाच्या कारभारात बसता येणार नाही, आणि ज्यांच्या घरी गुलाम आहेत त्यांच्याकडे काही जणांनी स्वतः जाऊन बोलायचं. जाणाऱ्यांत वूलमन आहे. गुलाम ठेवणाऱ्याला पंथाबाहेर काढण्याचा ठराव मात्र १७७६ साली झाला. शिंप्याच्या चार वाक्यांनी एका दिवसात सगळं बदललं असं सांगणं सोपं आहे आणि खोटं आहे. बेंजामिन ले नावाचा ठेंगणा, पाठीला पोक असलेला क्वेकर त्याच्या आधी २० वर्षं याच सभेत ओरडत होता. १७३८ साली त्याने पुस्तकाच्या पुठ्ठ्यात लपवलेल्या लाल रसाची पिशवी तलवारीने फोडून रक्तासारखे शिंतोडे लोकांवर उडवले होते. त्याला उचलून बाहेर टाकलं गेलं. ठरावाची बातमी कळली तेव्हा तो म्हातारा अंथरुणाला खिळत आला होता. काही महिन्यांतच तो गेला. ले नसता तर वूलमनचं कुणी ऐकलं असतं का, याचा विचार करण्यासारखा आहे.

आता वर्षभर मागे, १७५७ साली दक्षिणेकडे, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या वाटेवर. वूलमन प्रवासात क्वेकर घरांत उतरतो. पाहुणचार उत्तम, पण पाणी आणणारे, घोड्याला चारा घालणारे, ताट वाढणारे सगळे गुलाम. फुकट जेवायचं म्हणजे त्यांच्या न दिलेल्या मजुरीवर जेवायचं. जेवायला नकार देऊन यजमानाचा अपमान करायचा, की गप्प राहायचं? निघण्याच्या सकाळी ओट्यावर उभे राहा. त्याने निघतानाच चांदीची बारकी नाणी भरपूर बरोबर घेतली आहेत. तो यजमानाला बाजूला बोलावतो आणि ही तुझ्या लोकांना दे अशी विनंती करतो. कधी स्वतःच त्यांच्या हातावर ठेवतो. यजमान अवघडतो. वूलमनही अवघडलेला आहे. ही नाणी पुढे करणं त्याला किती कठीण जाई, ते त्याने लिहून ठेवलं आहे. तरी तो हात मागे घेत नाही. सभेतल्या भाषणापेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. इथे पाठीशी सभा नाही आणि ठराव नाही. आदल्या रात्री ज्याने जेवू घातलं तोच माणूस समोर उभा आहे.

मृत्युपत्रांची गोष्ट त्याच जातीची. एक शेजारी जखमी होऊन अंथरुणाला खिळला, मृत्युपत्र सांगू लागला आणि त्यात आपली गुलाम मुलगी एका मुलाच्या नावे केली. वूलमनने बाकी सगळं लिहिलं, तेवढंच गाळलं, कागद त्याच्या उशाशी नेला आणि का गाळलं ते हळू आवाजात सांगितलं. बोलता बोलता शेजारी तिला मोकळं करायला तयार झाला. मग मृत्युपत्र पुरं झालं.

१७७० च्या हिवाळ्यात त्याच्या घरी जा, पण खोलीत जपून पाऊल टाका. फुप्फुसाच्या दुखण्याने तो इतका खचला आहे की स्वतःचं नाव आठवेना. त्या अवस्थेत त्याला एक करडा, उदास ढीग दिसतो. तो ढीग म्हणजे जगता येईल तितक्या हालांत जगणारी माणसं. आणि आपण त्यांच्यात कालवले गेलो आहोत, वेगळे उरलेलो नाही, असं त्याला उमगतं. एक मधुर आवाज जॉन वूलमन मेला असं सांगतो. मग तो खाणींपाशी नेला जातो. तिथे पिचलेली माणसं ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांसाठी धन खणत आहेत आणि ख्रिस्ताला शिव्या देत आहेत: याच्या नावाने आम्हाला असं राबवतात, तर हा क्रूरच असला पाहिजे.

असा अनुभव आल्यावर माणूस मठ शोधू शकतो, शिष्य जमवू शकतो. वूलमन बरा झाला आणि त्याने चांदीच्या भांड्यातून पाणी पिणं सोडलं. गुलामांनी पिकवलेल्या साखरेला तो आधीपासूनच हात लावत नव्हता. रंगवलेले कपडेही त्याने सोडले होते. न रंगवलेल्या फरची टोपी घालून बसलेल्या त्याच्याकडे स्वकीयही चमकून पाहत. त्याला विक्षिप्त ठरवणं सोपं आहे. पण एकेक गोष्ट मागे न्या आणि पाहा: प्रत्येकीच्या टोकाला त्याला कुणीतरी राबणारा दिसला होता. ज्याला आपण त्या ढिगातलेच आहोत हे कळलं, त्याला साखरेचा चमचा पूर्वीसारखा उचलता येत नाही.

शेवटची दोन ठिकाणं झरझर पाहून घ्या. १७७२ चा मे: इंग्लंडला जाणाऱ्या जहाजात तो कोरीव नक्षीची केबिन नाकारून खाली खलाश्यांजवळ झोपतो. इंग्लंडात घोडागाडी घेत नाही, कारण वेगाच्या हौसेपायी घोडे दमून मरतात आणि गाडीवरची पोरं थंडीत काकडतात. तो पायी यॉर्कला पोहोचतो, तिथे देवी येऊन ७ ऑक्टोबरला जातो. शवपेटी साधी हवी. तिचा आणि खड्डा खणण्याचा खर्च माझे कपडे देऊन भागवा, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

आता महाराष्ट्रात परत या. चहात साखर आहे. ती गुलामांची नाही, पण बीड-धाराशिवकडून दसरा-दिवाळीनंतर निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची आहे. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आजारपणात खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात ना संडास ना आडोसा. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत एकट्या बीड जिल्ह्यात १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीचा आणि दुखण्याचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी सहकारी साखर कारखान्याचं सभासद असेल, तर त्याचीही वार्षिक सभा बहुतेकदा सप्टेंबरातच असते. विषयपत्रिकेवर ऊसदर असेल, ताळेबंद असेल. तोडणी मजुरांच्या तळावर पाणी, संडास, दवाखाना आणि मुलांची साखरशाळा यांवर कारखान्याने किती खर्च केला, हा प्रश्न लेखी द्या. घेतला नाही तर आयत्या वेळच्या विषयांत उभे राहा. धीर धरा, घाई नको, असं उत्तर मिळेल. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. फिलाडेल्फियाच्या सभेला १७५८ च्या ठरावापासून १७७६ च्या ठरावापर्यंत पोहोचायला १८ वर्षं लागली.