हुकमतपन्हाचे ओझे

आज्ञापत्राची मांडणीच विचारात पाडते. कोल्हापूरचे शंभुछत्रपती आपले अमात्य रामचंद्र नीलकंठ हुकमतपन्हा यांना आज्ञा करतात, की राजनीतीचे शास्त्र सिद्ध करावे आणि त्याप्रमाणे राजपुत्रांना व अधिकाऱ्यांना वळण लावावे. साल १७१५. आज्ञा करणारा राजा सतरा-अठरा वर्षांचा आहे. ज्यांना आज्ञा होते ते रामचंद्रपंत साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांनी शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी आणि आता हे दुसरे संभाजी असे पाच छत्रपती पाहिलेले आहेत. मजकूर राजाच्या तोंडचा असला तरी त्यातला अनुभव अमात्याचा आहे, हे अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले. म्हणजे राजाच्या नावाने एक म्हातारा कारभारी बोलतो आहे, आणि तो स्वतःलाच आज्ञा करतो आहे.

या ग्रंथाकडे बहुतेक जण नीतिग्रंथ म्हणून पाहतात. दुर्ग कसे बांधावेत, आरमार कसे राखावे, प्रधान कसा निवडावा, यांची वाक्ये भाषणांतून फिरत राहतात. माझे मत असे, की त्यातला एकेक नियम त्याच काळच्या उरलेल्या पत्रांशेजारी ठेवून वाचावा. तसे केले की उपदेश मागे पडतो आणि अंदाधुंदीत राज्य चालवलेल्या माणसाचा जबाब समोर येतो.

सुरुवात कोकणातूनच करावी लागते. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा मुलूख. पत्रात पराक्रमाचा शब्द नाही. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे माणसे किती, बैल किती, बी-बियाणे किती ते विचारावे. कष्ट करायला हात आहेत पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे द्यावेत. पोटाला दाणा नाही, त्याला दाणा द्यावा. दिलेले वाढीदिढीशिवाय, फक्त मुद्दल, तेही त्याला झेपेल तसे हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लाऱ्यांपर्यंत खर्च झाला तरी चालेल. आणि सुभेदाराने स्वतः रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नये.

दुसरे पत्र चिपळूण तर्फेतल्या घोडदळाच्या छावणीला लिहिलेले, राज्याभिषेकाच्या सुमाराचे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली, तर भर पावसात घोडी मरतील. मग लोक गावांत शिरतील, कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूड. जीव धरून राहिलेले कुणबी परागंदा होतील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीचा विचार आहे. गवताच्या गंजींजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तमाखू ओढील, रात्री जळता दिवा तसाच राहील आणि उंदीर त्याची वात ओढून नेईल. एका उंदराने सगळी पागा जाळावी, ही शक्यता राज्याचा धनी स्वतः लिहून कळवतो. अंदाधुंदी नेहमी शत्रूच्या फौजेबरोबर येत नाही, बेफिकीर माणसाच्या हातून ती घरातच सुरू होते, हे ज्याला कळले आहे त्याचा हा कागद आहे.

रामचंद्रपंत या कारभारात वाढले. वडील निळो सोनदेव मुजुमदार होते, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अमात्यपदी रामचंद्र नीलकंठ हे नाव येते. बैल मोजणारी, वातीपर्यंत विचार करणारी ही शिस्त त्यांनी तरुणपणी जवळून पाहिली.

मग ती शिस्त मोडताना पाहिली. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरात संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. सप्टेंबरअखेर राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निसटून जिंजीकडे निघाले. नोव्हेंबरात रायगड पडला, संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि पुत्र बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. राजा शेकडो कोस दूर, राजधानी शत्रूकडे, खजिना नाही. या अवस्थेत मागे राहिलेल्या मुलखाचा सगळा भार रामचंद्रपंतांवर आला आणि ‘हुकमतपन्हा’ हा किताबही. अमात्य विशाळगडावरून कारभार पाहू लागले. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा गड, एका अंगाला देश, दुसऱ्या अंगाला रत्नागिरीचे कोकण.

आता इथे कागद बोलू लागतात. औरंगजेब वतनदारांना वतनांचे आमिष दाखवून फोडत होता. त्याला उत्तर देण्यासाठी छत्रपतींच्या बाजूनेही वतने, इनामे, सरंजाम वाटावे लागले. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना सहा लाख होनांचे अभिवचन दिले. त्यातली काही रक्कम रायगड प्रांत परत मिळाल्यावर, काही विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर आणि उरलेली दिल्ली जिंकल्यावर द्यायची होती. हा कागद मराठ्यांच्या जिद्दीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. पण हातात रोकड नसलेल्या सत्तेचा तो कागद आहे, हेही विसरता येत नाही. शिवाजी महाराजांनी सैन्याला रोख पगार देण्यावर भर दिला होता. इथे पगाराच्या जागी न जिंकलेल्या मुलखाचे वचन आले.

याच्याशेजारी आज्ञापत्रातले वतनदारांचे प्रकरण ठेवावे. अमात्य म्हणतात, वतनदार म्हणजे लहान पण स्वतंत्र राजेच. असलेल्यावर त्यांचे समाधान होत नाही, नवे मिळवावे आणि बळकट व्हावे ही त्यांची ओढ. परचक्र आले की तेच आधी शत्रूला भेटतात. म्हणून त्यांना स्नेह आणि दंड यांच्या मधोमध ठेवावे. चाकराला चाकरीबद्दल वेतन द्यावे, बक्षीस द्यावे, पण जमीन वंशपरंपरा लिहून देऊ नये. दिलेली जमीन परत येत नाही आणि राज्य तितके लहान होते.

ज्या काळात ही वाटणी झाली त्या काळातले सर्वांत मोठे कारभारी हेच होते. त्यांना स्वतःलाही बावडा जहागीर मिळाली, आणि त्यांचे वंशज पंत अमात्य बावडेकर म्हणूनच ओळखले गेले. काही वाचकांना यात विसंगती दिसते. मला तसे वाटत नाही. १६९० साली वतन नाकारले असते तर १६९१ साली राज्यच उरले नसते, आणि ते दिल्यामुळे १७१५ साली उरलेले राज्य आतून पोखरले जात होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर घडल्या. सत्तेचे ओझे म्हणतात ते मला इथे दिसते. निर्णय बरोबर असूनही त्याची किंमत पुढच्या पिढीला भरावी लागणार, हे तो घेतानाच कळत असते.

प्रधानांविषयीच्या भागातही हीच वेदना आहे. राजसत्तेच्या मदाने झिंगलेल्या हत्तीला प्रधान हा अंकुश, असे अमात्य मानतात. हे लिहिण्याच्या आदल्याच वर्षी, १७१४ मध्ये, पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचे पुत्र कैदेत पडले व राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या उलथापालथीत रामचंद्रपंतांचा हात होता, असे इतिहासकार मानतात. म्हणजे अंकुश त्यांनी केवळ कागदावर धरला नव्हता. राजाने स्तुतिपाठकांत रमू नये, चाकरांचे वेतन वेळेवर द्यावे, युद्धात पडलेल्यांच्या घरच्यांचा सांभाळ करावा, हे सगळे त्या कोवळ्या राजाच्याच तोंडून वदवले आहे.

आता आंब्या-फणसाचे ते प्रसिद्ध कलम. ते शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास छापले जाते. प्रत्यक्षात ते आज्ञापत्राच्या आरमार प्रकरणात आहे, महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेले. विचार त्यांच्या वळणाचा आहे, हे प्रभावळीच्या पत्रावरून पटते. पण कागद अमात्याचा, आणि श्रेय अमात्याला मिळायला हवे. मजकूर असा, की गलबतांना लाकूड लागते, सागवान वगैरे रानातून परवानगीने तोडावे. आंबा आणि फणस हेही लाकूड कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकाला रडवून केलेले काम करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडते. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे.

मिरजोळ्यात हे कलम समजावून सांगावे लागत नाही. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या या गावच्या परिसरात आज विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि भोवतीच्या तालुक्यात कातळात खड्डे पाडून, वरून माती आणून जगवलेली हापूसची कलमे आहेत. अमात्याच्या वेळचा परसातला आंबा बहुधा बाठ्यातून उगवलेला रायवळ. तो धरायला आठ-दहा वर्षे जात. अशा झाडाचा हिशेब लाकडाच्या घनफळाने होत नाही, हे इथल्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे. सरकारी गरज खरी असते. गलबताला लाकूड लागतेच. तरीही गरज खरी आहे एवढ्याने परसात शिरण्याचा हक्क मिळत नाही, ही मर्यादा सत्तेने स्वतःहून स्वतःवर घालून घेतलेली आहे.

आणि ती कोणत्या क्षणी घातली आहे? १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे ताराबाईंचा पक्ष सोडून, कैदेतून सुटून साताऱ्याच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांकडे गेले होते. किनाऱ्यावरचे मोठे आरमार त्यांच्या हाती होते. गुराबा कशा असाव्यात, दर्यावर्द्यांनी कसे वागावे, हे अमात्य तपशिलाने लिहितात तेव्हा कोल्हापूरकडे मालवणसारखी ठाणी उरलेली आहेत, पण समुद्र निसटलेला आहे. आरमार नव्याने उभारायची घाई असलेल्या राज्याने आंबे-फणस तोडू नयेत असे लिहावे, याला वजन आहे.

परदेशी व्यापाऱ्यांविषयीही त्यांची नजर अशीच स्वच्छ. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत. त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये. वखार द्यायचीच तर राजापुरास फरासीस होते तशी, खाडीमुखापासून आत, मोठ्या गावांच्या लगत. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १८१८ पर्यंत, या किनाऱ्याचा बराचसा भाग इंग्रजांकडे गेला.

रामचंद्रपंत १७१६ मध्ये पन्हाळ्यावर वारले. राज्याचे सार किल्ल्यांत आहे, असे त्यांनी शिकवले होते. एप्रिल १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह झाला, दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. त्या वेळी कोपळचा किल्ला कोल्हापूरकरांना मिळाला, आणि त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी शाहू महाराजांकडे गेली.