एक कंडी आणि दोन महासत्ता

१९८३ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या ‘पेट्रिअट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा म्हणे कोणी नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञ! एड्स हा रोग अमेरिकन लष्कराने फोर्ट डेट्रिक येथील प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा दावा. दोन वर्षे पत्र तसेच पडून राहिले. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने ते उचलले, आणि आधार कोणाचा दिला, तर दिल्लीच्या दैनिकाचा! कंडी पिकवावयाची सोव्हिएत हेरखात्याने आणि बोट दाखवावयाचे हिंदुस्थानाकडे, अशी ही मौज. पूर्व बर्लिनच्या याकोब झेगाल या प्राध्यापकांनी तिला शास्त्राचा मुलामा दिला. १९८७ पर्यंत ती ऐंशीहून अधिक देशांत जाऊन पोहोचली.

लोकांना ती खरी का वाटली? अमेरिकेच्याच आरोग्यखात्याने टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे चारशे कृष्णवर्णीयांचा उपदंश औषधावाचून नुसता न्याहाळला होता. अशा सरकारच्या इन्काराला कोण किंमत देणार?

वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांनी इन्कार केलेच. ठिकठिकाणच्या वकिलाती संपादकांना पत्रे लिहीत राहिल्या. परंतु खरा पेच निराळाच होता. एड्सचे रोगी आता रशियातही सापडू लागले होते आणि तेथील शास्त्रज्ञांना अमेरिकेचे साहाय्य हवे होते. हा अपप्रचार थांबेपर्यंत एड्ससंबंधी संयुक्त संशोधन होणार नाही, असे अमेरिकेने बजावले. शिवाय ऑगस्ट १९८७ मध्ये परराष्ट्रखात्याने या साऱ्या उद्योगाचा अहवालच प्रसिद्ध केला.

ऑक्टोबरात परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ मॉस्कोस गेले, तेव्हा गोर्बाचेव्ह यांनी तोच अहवाल त्यांच्यापुढे धरून, तो रशियाविषयी द्वेष पसरवितो अशी तक्रार केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावयाच्या! पण घाव वर्मी बसल्याचीच ती खूण होती, असे मला वाटते. कारण महिना संपण्यापूर्वीच सागदेयेव्ह व गोल्दान्स्की या दोन बड्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘इझ्वेस्तिया’तून त्या आरोपाशी आपला संबंध नसल्याचे सांगून टाकले.

१९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी कबुलीही दिली. मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाचशे कृष्णवर्णीय अमेरिकनांना विचारले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी एड्सचा विषाणू मनुष्यनिर्मितच असल्याचे सांगितले.