मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय : राजाबाई मनोऱ्याच्या पायथ्याशी जपलेला ग्रंथठेवा

मुंबईच्या फोर्ट भागातील राजाबाई मनोरा सर्वपरिचित आहे. मात्र तो मूलतः मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या वास्तूचाच भाग आहे, ही बाब अनेकांच्या ध्यानात नसते.

विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आरंभीच्या काळात त्याला स्वतःची इमारत नव्हती. कापसाचे व्यापारी व शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपयांची देणगी जाहीर केली. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव देण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार गडगडला आणि प्रेमचंद यांची बहुतेक संपत्ती लयाला गेली. त्यांच्या दानातून योजलेली वास्तू मात्र पूर्णत्वास गेली. लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न ठेवता तिचे आराखडे तयार केले. १ मार्च १८६९ रोजी कोनशिला बसवण्यात आली व १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. ग्रंथालय १८८० मध्ये खुले झाले.

ग्रंथालयाचे खरे वैभव त्याच्या हस्तलिखितांत आहे. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केलेली वर्णनात्मक सूची १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. भगवतसिंहजी आणि ह. म. भडकमकर या संग्रहांतील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची गो. वि. देवस्थळी यांनी सिद्ध केलेली सूची १९४४ मध्ये प्रकाशित झाली.

कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी दिलेला सुमारे २०० इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह विशेष मोलाचा मानला जातो. या पंथाचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या समाजाबाहेरील व्यक्तींच्या दृष्टीस सहसा पडत नसत. मुइज गोरियावाला यांनी तयार केलेली या संग्रहाची सूची १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे बंद कपाटांतील हे साहित्य जगभरच्या अभ्यासकांच्या आवाक्यात आले. हस्तलिखित केवळ जपून भागत नाही. त्याची नोंद झाली तरच ते वाचकापर्यंत पोहोचते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. त्यात रंगीत काचांच्या खिडक्यांचेही जतन करण्यात आले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. ही वास्तू त्या समूहात समाविष्ट आहे. दगड आणि काचेला लाभलेली ही निगा आतील कागदालाही तितकीच आवश्यक आहे. कारण मुंबईच्या दमट हवेत प्रथम जीर्ण होतो तो कागदच.