स्वल्पविरामाची कुळकथा

प्राचीन ग्रीक लेखनात शब्द एकमेकांना चिकटून असत. मोठ्याने वाचणाऱ्याला अर्थाबरोबर श्वासाची जागाही स्वतःच हेरावी लागे. इ.स.पू. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख अ‍ॅरिस्टोफेनीस यांनी ओळीत कमी-अधिक उंचीवर टिंबं द्यायला सुरुवात केली. किती थांबायचं, ते टिंबाच्या उंचीवरून कळे. वाक्याच्या सगळ्यात छोट्या तुकड्याला ‘कॉमा’ म्हणत; पुढे तेच नाव खुणेला पडलं.

आजची खूण मात्र वेगळ्या घराण्यातली. मध्ययुगीन लेखनिक विरामासाठी तिरकी रेघ ओढत. १४९०च्या दशकात व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्यात ती आखूड होऊन ओळीच्या तळाशी उतरली आणि किंचित वाकली.

पुस्तकं मनातल्या मनात वाचली जाऊ लागली तसा श्वासाचा हिशेब मागे पडला आणि कॉमा व्याकरणाच्या ताब्यात गेला. तरीही ‘जिथे थांबाल तिथे कॉमा’ असं मुलांना अजून शिकवलं जातं. इंग्रजीपुरतं तरी हे शिकवणं थांबायला हवं. ‘माय सिस्टर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर’ यात कॉमा नाही, म्हणजे बहिणी एकीहून जास्त, आणि आपण बोलतोय नाशिकच्या बहिणीबद्दल. ‘सिस्टर’नंतर आणि ‘नाशिक’नंतर कॉमा दिले की बहीण एकच, नाशिक ही जाता जाता दिलेली माहिती. यात दमाचा काही संबंध नाही.

वर्णनाची जागाच चुकली तर मात्र कॉमाही हतबल. ‘वॉकिंग टु द स्टेशन, द रेन सोक्ड मी’ यात कॉमा जागच्या जागी आहे, पण स्टेशनकडे चालत निघालाय तो पाऊस! सुरुवातीचं असं वर्णन कॉमापुढच्या कर्त्याला चिकटतं, म्हणून तिथे ‘आय’ हवा: ‘आय गॉट सोक्ड’. ‘स्टेशनकडे जाताना पावसाने मला भिजवलं’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं, त्यामुळे आपण इथे हमखास फसतो.

मराठी पोथ्यांत दंड होते, मोडीत तर सलग लिहीत. इंग्रजी धर्तीची चिन्हं मेजर थॉमस कँडी यांनी रुजवली. १८५०मध्ये त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ आलं. त्याआधी मराठीचं अडलं नव्हतं, कारण ‘माझी जी बहीण नाशिकला राहते ती डॉक्टर आहे’ म्हटलं की ‘जी’ आणि ‘ती’च नेमकी बहीण दाखवून देतात.