बाजारात रमलेलं मूल

बाजाराचा इतिहास सांगताना लोक इमारती, भाव आणि व्यापारी यांच्याबद्दल बोलतात. आज आम्ही त्याच बाजारातल्या एका लहानशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत. आई भाजी निवडते, भाव करते, तेव्हा तिच्या कडेवरचं पोर काय करतं? त्याला कोण रमवतं, आणि कशासाठी? यासाठी आपण पुण्याच्या मंडईचं उदाहरण घेऊ.

मंडईची इमारत नव्हती तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. ऊन असो की पाऊस, टोपल्या मांडून बसायचं. तिथं बसणाऱ्या बायका कष्टकरी घरांतल्या होत्या आणि पोरंबाळं त्यांच्यासोबतच असत. वाड्यांमधल्या बायकांचा मात्र बाजाराशी फारसा संबंध येत नसे. भाजी आणायची ती पुरुषांनी नाहीतर गड्यानं. त्या घरांतल्या मुलांना बाजार माहीत होता तो आजोबांच्या उपरण्यात बांधून आलेल्या पुडीतून. ‘खाऊ’ हा आपला शब्द त्या पुडीचाच. फुटाणे, रेवड्या, बत्तासे, खोबऱ्याचा तुकडा! म्हणजे एका घरचं मूल बाजारातच वाढत होतं आणि दुसऱ्या घरी बाजार खाऊ होऊन येत होता.

पुढे पुणे नगरपालिकेनं बंदिस्त मंडई बांधायचं ठरवलं. महात्मा जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. एवढ्या खर्चाच्या इमारतीला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. १८८६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते मंडईचं उद्घाटन झालं आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव दिलं गेलं!

इमारत देखणी आहे, यात शंका नाही. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेल्या लांब बाजू, वर उंच छप्पर. विकणारी ओट्यावर उंच बसते, घेणारी खाली उभी राहते. भाजीला सावली मिळाली, मालाला जागा मिळाली. पण तीन वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघा. त्याला दिसतात फक्त लोकांचे पाय, पिशव्यांचे बूड आणि खाली पडलेली कोबीची पानं. आईचा हात सुटला की हरवण्याची भीती. ओट्यावर बसणाऱ्या बाईच्या तान्ह्याला निजायला जागा कुठली? रिकाम्या टोपलीत गोणपाट घालायचं, नाहीतर लुगड्याची झोळी बांधायची.

मग बायकांनी आपापली सोय केली. मूल रमवायला लागतं ते सगळं टोपलीतच होतं. भेंडीचा देठ कपाळाला चिकटवला की झाली टिकली. कांद्याच्या पातीची पिपाणी वाजते. वांग्याला चार काड्या टोचल्या की बैल उभा राहतो. मटारच्या शेंगा सोलायला दिल्या की पोर एका जागी बसतं. अर्धे दाणे तोंडात गेले तरी कुणी हिशेब मागत नाही. आणि गिऱ्हाइकाचं मूल रडायला लागलं तर भाजीवालीच आधी हात पुढे करते. एक गाजर, चार बोरं, नाहीतर शेंगांची मूठ. ‘घे बाळा’ म्हणते आणि तराजू पुन्हा हातात घेते. यात तिचाही फायदा असतो, कारण रडतं पोर घेऊन आई पुढच्या ओट्याकडे निघून जाईल. पण फायदा आणि माया तिथं इतकी एकमेकींत मिसळलेली असते की वेगळी काढता येत नाही.

मोठ्या पोराला रमवायचं तर हिशेबात घ्यायचं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पावशेर अशी तेव्हाची मोजदाद. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत, त्या कशासाठी? बाजारासाठीच. सव्वा आणा शेर असलेली भाजी अडीच शेर घेतली तर किती, हे शाळेत न गेलेली आई बोटांवर मोजायची आणि शाळेत जाणारं पोर पाढ्यानं सांगायचं. दोघांचं जुळलं की पैसे द्यायचे. आपण फसवले जात नाही, हे आईला समजण्याचा तो एक रस्ता होता. जोतीराव शिक्षणासाठी एवढे का झगडत होते, ते या हिशेबातही दिसतं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मग किलो आला आणि पावकी-निमकीचे पाढे मागे पडले.

मंडईपासून हाकेच्या अंतरावर तुळशीबाग. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी तिथं राममंदिर उभारलं. देवदर्शनाला येणाऱ्या बायकांसाठी त्याच्या भोवती दुकानं वाढत गेली. पूजेची उपकरणी, बांगड्या, कुंकू आणि मुलींसाठी भातुकली. तांब्या-पितळेची बोटभर उंचीची पातेली, चूल, जातं, पाटा-वरवंटा. भातुकलीच्या दुकानासमोर लेक हटून बसली की आईची खरेदी निवांत व्हायची. पण तिथं लेकीच्या हाती काय दिलं जायचं, तेही बघायला हवं. स्वयंपाकघर! खेळता खेळता तिला तिची जागा शिकवली जात होती. मुलाच्या हाती भोवरा, मुलीच्या हाती पळी.

दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई आली. मुंबईत १९४३ मध्ये रेशन सुरू झालं आणि तिथून पुढे बाईचा बाजार म्हणजे रांग. धान्याची रांग, साखरेची रांग, रॉकेलची रांग. रांगेत भाव करायचा नसतो, निवडायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. तिथं मूल रमवणं सगळ्यात अवघड. म्हणून मग पोरालाच पिशवी किंवा डबा देऊन नंबर धरायला बसवायचं. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरोधी संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी, थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. त्या रागामागे अशा रांगांमध्ये गेलेले तासही होते.

आता अलीकडचा काळ. अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ साली चाकांची ढकलगाडी दुकानात आणली, कारण हात भरले की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यानं पाहिलं होतं. पुढे त्या गाडीत मूल बसवायची जागा आली. १९९९ साली मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. देशातल्या सुरुवातीच्या मॉलांमधला तो एक. मग पुण्यात आणि इतर शहरांतही मॉल आले. तिथं मुलांसाठी खेळायचा कोपरा असतो, रंगीत गाड्या असतात, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर चॉकलेटं मांडलेली असतात. सोय खरी आहे आणि दमलेल्या आईला ती हवीशी वाटते, यात तिचं काही चुकत नाही. पण फरक ओळखायला हवा. मंडईत मूल रमायचं ते आईचं काम लवकर आटपावं म्हणून. मॉलमध्ये मूल रमवलं जातं ते आईनं जास्त वेळ थांबावं म्हणून. भाजीवालीनं दिलेलं गाजर फुकट असतं. मॉलमधल्या खेळाची पावती फाडावी लागते.

आणि जिथं काहीच सोय नाही, तिथं हल्ली मोबाईल आहे. मूल गप्प बसतं, हे खरं. पण लिंबं मोजणारं, शेंगा सोलणारं, ‘मावशी, अजून एक द्या ना’ म्हणणारं पोर बाजार शिकत होतं. मोबाईल बघणारं पोर बाजारात असूनही बाजारात नसतं.

या सगळ्या इतिहासात एक मूल मात्र होतं तिथंच राहिलं आहे. भाजीवालीचं. गिऱ्हाइकाचं मूल तासाभरानं घरी जातं, तिचं मूल दिवसभर टोपल्यांमध्ये आणि गाड्यांच्या धुरात असतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेते असावे लागतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका. बाजाराच्या जागेत पाळणाघर हवं, पाणी आणि संडास हवा, ही मागणी तिथं मांडता येते. आपल्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना हे जरूर सांगा.

तुमच्या गावच्या बाजारात पोरांना कसं रमवत, हे आपल्या आई-सासूबाईंना विचारून आम्हाला कळवा. आणि येत्या बाजाराला पोराच्या हाती मोबाईलऐवजी एक पिशवी द्या. सहा लिंबं त्यालाच मोजून घेऊ द्या. एखादं जास्त आलं, तर परत द्यायलाही त्यालाच सांगा.